जाळीवरचा सूर्य

ज्वालेचा बुंधा जाड होता आणि शेंडा वाऱ्याने वाकलेल्या गवतासारखा एका बाजूला कललेला. उंची सूर्याच्या व्यासाच्या विसाव्या हिश्शाएवढी, म्हणजे पृथ्वीसारखे पाच गोळे एकावर एक रचले असते तर शेंड्यापर्यंत पोचले असते. शेंड्यावरून तुटलेला एक तांबडा ठिपका वेगळाच तरंगत होता. धाकटी त्या ठिपक्याकडे बराच वेळ बघत राहिली. तो हलत नव्हता. निदान माणसाच्या डोळ्याला कळेल इतका हलत नव्हता.

"झोपलीस की काय तिथे?" मागून, गच्चीवरच्या खुर्चीतून, ताईने विचारलं.

"बघतेय."

"बघ की. पण तोंडानं बघ. इथे मी खडू धरून बसलेय."

धाकटीने डोक्यावरचं काळं फडकं सारखं केलं, उजव्या डोळ्यावर तळहात धरला आणि डावा डोळा पुन्हा दुर्बिणीच्या आयपीसला लावला. "आठ वाजता. बुंधा जाड. शेंडा नऊकडे झुकलेला. वर एक सुटा ठिपका."

मागे खर्र-खर्र आवाज सुरू झाला.

ही त्या दोघी बहिणींची कामाची पद्धत होती. ताईने उभा जन्म शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर मनात कधीपासून असलेली दुर्बीण घेतली. सूर्याचा बाकी सगळा उजेड अडवून हायड्रोजनचा एक तांबडा रंग तेवढा आत सोडणारा फिल्टर तिला बसवलेला होता. त्यातून सूर्याच्या कडेवर उठणाऱ्या ज्वाला दिसत. ताईला त्या जेमतेम दोन-तीन वर्षं दिसल्या. काचबिंदूने आधी एका डोळ्याची कड खाल्ली, मग दुसऱ्याची, आणि शेवटी उजेड-अंधार एवढंच उरलं. "चणे आले आणि दात गेले," एवढंच ती त्यावर म्हणायची.

मग तिने युक्ती काढली. एका फळीवर खिडकीला लावतात ती डासांची जाळी ताणून बसवली. जाळीवर कागद ठेवायचा आणि मेणाचा खडू दाबून ओढायचा, की रेघ उंच उठते आणि बोटाला लागते. सूर्याची कड म्हणून ताटली पालथी घालून वर्तुळ काढायचं. धाकटीने आयपीसमधून बघायचं आणि घड्याळाच्या आकड्यांवर जागा सांगायच्या, ताईने काढायचं. काढून झालं की ती बोट फिरवून स्वतःचाच सूर्य वाचायची. धाकटीलाही डोळे मिटून वाचायला लावायची.

"मला डोळे आहेत, ताई."

"असू देत. सवय असलेली बरी."

धाकटी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत होती. रक्तातली साखर, क्षार, युरिया यांचे आकडे तिच्या सहीखेरीज बाहेर जात नसत. एखादा आकडा विचित्र आला की ती आधी यंत्रावर संशय घ्यायची, मग नळीवर, मग स्वतःवर, आणि सगळ्यात शेवटी रोग्यावर. लग्न तिने केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, राहून गेलं. आणि ते खरंच होतं.

त्या सकाळी काम संपल्यावर तिने कागद हातात घेतला. ज्वाला झकास उतरली होती, कललेला शेंडा, सुटा ठिपका, सगळं. सुट्टी होती, म्हणून दोघींनी आणखी एक फेरी केली. या वेळी कडेवर ज्वालांचं एक छोटं कुंपण उगवलं होतं. धाकटीने ते सांगितलं, ताईने काढलं, आणि कागद बघताना धाकटी थांबली.

"मी दहा म्हणाले ना?"

"दहाच म्हणालीस. पण होतं अकराला."

धाकटीने पुन्हा दुर्बिणीत पाहिलं. अकराला होतं. जीभ घसरली होती.

"तुला कसं कळलं?"

"चाळीस-चाळीस पोरांची तोंडी परीक्षा घेतलीय मी. चुकीचं उत्तर येतं ना, तेव्हा आवाज आधी पडतो." ताई हसली. "चहा टाक."

यात न पटण्यासारखं काही नव्हतं. धाकटीला ते पटलं.

त्यानंतर खडू आधी वाजायला लागला.

धाकटी फडकं डोक्यावर घेऊन फिल्टरचं कडं फिरवत असायची, प्रतिमा अजून नीट जुळायची असायची, आणि मागे खर्र-खर्र सुरू. आधी तिला वाटलं, ताई वर्तुळ गिरवतेय. मग एकदा तिने वळून पाहिलं. वर्तुळ तयारच होतं. ताईचा चेहरा रस्त्याकडे होता, हात एकटा कागदावर चालत होता. तीन वाजण्याच्या जागी एक कमान, तिच्या पोटात दुसरी.

धाकटीने आयपीसला डोळा लावला. तीनला नुसता एक बुटका उंचवटा होता. ती बघत राहिली. उंचवटा मधोमध उसवला, दोन्ही पाय रोवून वर उचलला गेला, आणि थोड्या वेळाने त्याची कमान झाली. तिच्या पोटात दुसरी.

"ताई, तू हे आधी काढलंस."

"काढलं असेन."

"असेन म्हणजे?"

"हात गेला." मग ताईने नेहमीचा विनोदी सूर लावला. "सूर्यावरून निघालेला उजेड तुझ्याकडे यायला आठ मिनिटं घेतो. मी त्याची वाट बघायचं सोडून दिलंय. तू बस टपालाची वाट बघत."

धाकटी हसली खरी. पण जिना उतरताना तिच्या लक्षात आलं, की आपण हिशेब करतोय. कमान व्हायला किती वेळ लागला असेल? आठ मिनिटं? साधारण तेवढीच.

एका आठवड्यात आठ मिनिटांचा हिशेब मोडला. सकाळी आभाळ गच्च भरलेलं असताना ताईने कागद मागितला आणि सहाला एक उंच, फाटक्या पडद्यासारखी ज्वाला काढली. आभाळ दुपारी मोकळं झालं. धाकटी जेवता जेवता उठून वर गेली. सहाला फाटका पडदा होता. पुढे तर ताई आजच्या सकाळी उद्याचा सूर्य काढायला लागली. धाकटी कागद घडी न घालता कपाटावर ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी आधी दुर्बीण, मग कागद, या क्रमाने बघायची, म्हणजे मनाने डोळ्याला फसवायला नको. मुद्दाम खोट्या जागाही सांगून पाहिल्या. कागद चुकला नाही.

हे कुणाला सांगावं, असा प्रश्न पडला तेव्हा तिला एकच माणूस आठवला.

तो प्रयोगशाळेतली यंत्रं दुरुस्त करायचा. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली. शर्टाच्या खिशात कायम एक छोटा पाना, म्हणून ताईने त्याचं नाव 'पाना' ठेवलं होतं आणि तोंडावरही ती तेच म्हणायची. त्याला ते आवडायचं. दुसऱ्या गावात नवी प्रयोगशाळा उभी राहत होती, तिथली सगळी यंत्रं त्याच्या हाती द्यायची ठरली होती. महिनाअखेरीस तो जाणार होता. उन्हाळ्याआधी एकदा, रक्ताच्या नळ्या फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजचं झाकण उघडून आत बघत असताना, त्याने वर न पाहता धाकटीला विचारलं होतं, "तुम्ही याल का माझ्याबरोबर? म्हणजे रीतसर, लग्न करून."

"विचार करून सांगते," ती म्हणाली होती. तेव्हापासून विचारच चालू होता.

जायचं तर तिला होतं. रात्री दिवा मालवल्यावर ती त्या न पाहिलेल्या घराच्या खिडक्यासुद्धा बसवून बघायची. पण ती गेली की ताईचा सूर्य गेला. ताईची लेक आईला न्यायला एका पायावर तयार होती, पण लेकीच्या घराला गच्ची नव्हती आणि खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती. आणि असती गच्ची, तरी बघून सांगणार कोण? ताईला हे माहीत होतं. ती कधी 'जा' म्हणाली नव्हती, 'राहा'ही म्हणाली नव्हती. लेक फोनवर दोघींनाही फैलावर घ्यायची. शेवटी दर वेळी एक वाक्य ठरलेलं असायचं, "आणि मावशी, तूही डोळे दाखवून घे. हे आपल्या रक्तातच आहे." धाकटी म्हणायची, हो, बघते.

पान्याला तिने सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"कधी चुकलाय का कागद?"

"नाही."

"मग मजा नाही. चुकल्याशिवाय यंत्र कळत नाही." त्याने खिशातला पाना चाचपला. "एकदा चुकू दे. मग कुठे चुकतो ते बघा."

तो कागद मग चुकलाच. एका सकाळी धाकटीने सबंध कड शांतपणे बघून घेतली. डाव्या बाजूला दोन लहान ज्वाला, उजवी बाजू कोरी. आदल्या दिवशीचा कागद काढला. डावीकडे दोन, उजवीकडे काही नाही. बरोबर. संध्याकाळी तिने फोनवर एका वेधशाळेचं त्याच सकाळचं छायाचित्र उघडलं आणि खुर्चीत सरळ होऊन बसली. उजवीकडे, तीन-चारच्या मध्ये, महिन्याभरातली सगळ्यात मोठी ज्वाला होती. झाडासारखी. आंधळ्यालाही दिसावी अशी, असा शब्द तिच्या मनात आला आणि तिने तो परत घेतला.

फिल्टरचं कडं नीट जुळलं नसेल, असं तिने ठरवलं. तिला दिसली नाही, हे तेवढ्यावर भागलं. पण ताईला का दिसली नाही?

दिव्याखाली तो कागद धरून ती बसली, आणि उत्तर आपलं आपण पुढे आलं. ताई सूर्य काढतच नव्हती. ताई, धाकटीला जे दिसणार आहे ते काढत होती.

"मला वाटलंच होतं," दुसऱ्या दिवशी हे ऐकून ताई म्हणाली. "एवढ्या लांबचं मला काय कळणार? तू मात्र दोन हातांवर असतेस."

"तुला भीती नाही वाटत?"

"डोळे गेल्यावर पहिल्यांदा काहीतरी दिसतंय, अगं. मग ते डोळे कुणाचे का असेनात."

त्याच संध्याकाळी पाना आला. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी होतं. उघडल्यावर दिसली ती जाळीची फळी, ताईच्या फळीसारखीच, पण आकाराने लहान, कडा घासून गुळगुळीत केलेल्या.

"ताईंनी सांगितली होती. पिशवीत मावेल एवढी," तो म्हणाला.

"दुसरी कशाला?" धाकटीने विचारलं.

"जुनी झाली की लागेल."

"जुनी कुठे झालीय?"

"होईल की. तू काय फळीची वकील आहेस?" ताईने फळी हातांनी चाचपली, कड तपासली आणि स्वतःच्या खुर्चीशेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवून दिली. "छान केलीस रे, पाना. जाताना कोपरा जपून, तिथे कुंडी आहे."

त्याच कुंडीला आदल्या आठवड्यात धाकटीचा पाय दोनदा लागला होता. ती उजवीकडे होती आणि वर्षानुवर्षं तिथेच होती.

महिन्याचा शेवटचा रविवार उजाडला. पान्याचं सामान न्यायला गाडी दुपारी येणार होती, आणि त्याआधी तो उत्तर घ्यायला येणार होता. "हो असो, नाही असो. पण तोंडानं सांगा," एवढंच त्याचं मागणं होतं.

आभाळ धुऊन काढल्यासारखं स्वच्छ होतं. धाकटीने उजव्या डोळ्यावर तळहात धरला. नऊला एक लहान कमान, तिच्या एका पायाशी धुरासारखं काहीतरी पसरलेलं. आदल्या दिवशीच्या कागदावर तेच होतं. तिने ते मोठ्याने सांगितलं. मागे खडू वाजला नाही.

"उद्याचं काढतेस ना?"

"येत नाही."

धाकटी वळली. ताईच्या मांडीवर फळी होती, फळीवर कागद, कागदावर ताटलीची कड. खडू कडेला टेकलेला होता आणि हात स्वस्थ होता.

"उद्या आभाळ येणार असेल."

"आभाळ असलं की हात इकडून तिकडे भटकतो. हे तसं नाही. हे काहीच नाही." ताईने दुसरा कागद मागितला. "परवाचं बघू." हात हलला नाही. तिसरा कागद. हात हलला नाही.

रस्त्यावर कुणीतरी गाडीचं दार लावलं. ताईच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं.

"म्हणजे तू जाणार. अगं, मग रडतेस कशाला? माझ्या मनावरचं ओझं उतरलं बघ. मी जा म्हणायची नाही आणि तू विचारायची नाहीस. कागदानंच सांगितलं."

"रडत नाहीये."

"बरं. नसशील."

धाकटीला खरोखर हलकं वाटलं. श्वासभर. मग सवयीने तिला यंत्रावर संशय आला.

"ताई, पुन्हा एकदा कर. मी मनात ठरवते, की मी राहणार. उद्या सकाळी इथेच, दुर्बिणीपाशी. अगदी मनापासून ठरवते."

"माझ्यासाठी नको."

"तुझ्यासाठी नाही. तपासायला."

तिने डोळे मिटले आणि ठरवलं. गाडी जाईल. पाना जाईल. ती सकाळी फडकं घेऊन वर येईल. तिने ते अगदी खरं केलं.

खडू वाजला नाही.

"ठरवलंस का?" ताईने विचारलं.

"हो."

"नीट?"

"हो, ताई."

ताईच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, पण त्यात आता कुणी नव्हतं.

जाते ठरवलं तरी कोरं. राहते ठरवलं तरी कोरं.

यंत्र झालं. नळी झाली. आता स्वतः.

"ती लहान फळी," धाकटी म्हणाली. "कुणासाठी करून घेतलीस?"

"माहीत नाही गं." ताईचा आवाज पडला होता. "सांगून बसले. हात जातो तसं तोंडही गेलं. का सांगितलं, ते आत्ता कळतंय."



मग ताईने हात लांब करून धाकटीचं मनगट धरलं आणि तिचं बोट काल काढलेल्या आजच्या कागदावर टेकवलं. नऊची कमान. पायाशी धूर. धाकटीने न सांगता डोळे मिटले. रेघ बोटाखाली आली, चढली, वळली, उतरली. तिला ती सहज वाचता आली. इतके दिवस डोळे मिटून लागलेली सवय.

"तू लेकीकडे जाशील?" तिने मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

"जाईन की. ऊन तिथेही पडतं. भिंतीवर का होईना." ताईने मनगट सोडलं नाही. "मी तुझ्या डोळ्यांवर बसले होते, धाकटे. आता उठते."

जिन्यावर पावलं वाजली. तो नेहमीसारखा हळू चढत होता, प्रत्येक पायरीवर पाय पूर्ण टेकवत.

धाकटीने डोळे उघडले. शेजारच्या खुर्चीवरची लहान फळी उचलून काखेत घेतली. मग तिने उजव्या डोळ्यावर तळहात धरला, दुर्बिणीपाशी धरायची तसा, आणि गच्चीच्या दाराकडे पाहिलं.

दाराची डावी चौकट होती. तिच्यापाशी त्याचा एक खांदा होता, एक हात, खिशातला पाना, आणि अर्धा चेहरा. बाकीच्या जागी काळं काही नव्हतं. धूसरही नव्हतं. भिंतच तिथवर नीट चालत आली होती, जणू तिथे कधी कुणी उभं राहिलंच नव्हतं.

तिने हात काढला. दारातला तो पुरा झाला. जवळजवळ पुरा.

"मग?" तो म्हणाला.

"मी येते तुमच्याबरोबर," धाकटी म्हणाली. "पण माझे डोळे जाणार आहेत."